पत्ता आपला, पेटी भाड्याची: ईमेलसाठी किती पैसे मोजावेत?

फोनवर ‘स्टोरेज संपत आलं आहे’ असा इशारा झळकला, की बहुतेकांचं दोनपैकी एक होतं. काही जण तो बोटाने बाजूला सारतात आणि मग एक दिवस विम्याच्या हप्त्याची आठवण देणारं पत्रच येत नाही. काही जण घाईत ‘अपग्रेड’वर दाबतात आणि दरमहा पैसे कापले जायला लागतात. पैसे देण्यात गैर काहीच नाही, उलट काही लोकांनी ते द्यायलाच हवेत असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते कशाचे देतोय हे कळायला हवं. ईमेल निवडताना आपण किती जीबी मिळतात एवढंच विचारतो. त्याआधी विचारायचं ते हे, की उद्या ही सेवा सोडायची वेळ आली तर सुटायला किती खर्च येईल, आणि त्यात पैशांपेक्षा मनस्ताप किती असेल.

पण जागेचा प्रश्न सगळ्यांनाच छळतो, म्हणून तो आधी निकालात काढू. १ एप्रिल २००४ ला जीमेल सुरू झालं तेव्हा ते १ जीबी देत होतं. हॉटमेल तेव्हा २ एमबी आणि याहू ४ एमबी द्यायचं, त्यामुळे अनेकांना ती एप्रिल फूलची थाप वाटली होती. आज गूगलच्या फुकट खात्यात १५ जीबी मिळतात, मात्र ते एकट्या जीमेलचे नाहीत. ड्राइव्ह त्यातच. १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच. आणि अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप, जो पूर्वी मोजलाच जात नव्हता, तोही आता त्याच १५ जीबीत धरला जातो. आपल्या घरांमध्ये खरी गोम इथे आहे. गूगल वन अ‍ॅपमध्ये स्टोरेजचं पान उघडा. तिथे एक रंगीत पट्टी दिसते, आणि कशाने किती जागा खाल्ली ते खाली लिहिलेलं असतं. ज्येष्ठ मंडळींच्या खात्यात पाहिलं तर जीमेलचा तुकडा बहुधा नखाएवढा असतो आणि बाकीची पट्टी फोटो नि बॅकअपने भरलेली. म्हणजे सुप्रभातचे व्हिडिओ जपण्यासाठी आपण बँकेचं पत्र दारातून परत पाठवत असतो, कारण १५ जीबी ओलांडले की जीमेल नवी मेल घेणं थांबवतं.

पैसे देण्याआधी एवढं करा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअपच्या पानावर व्हिडिओ वगळण्याची सोय आहे, ती चालवा आणि एकदा नव्याने बॅकअप घ्या. मग जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘लार्जर’, त्यापुढे जागा न सोडता कोलन, आणि ‘१० एम’ असं टाइप करा. १० एमबीपेक्षा मोठ्या सगळ्या मेल समोर येतात. जुन्या लग्नांचे अल्बम, घर घेतानाचे ब्रोशर, कुणीतरी पाठवलेली भजनं असं बरंच काही निघतं. हवं ते उतरवून घ्या, बाकीचं काढून टाका आणि ट्रॅश रिकामा करा. ट्रॅशमध्ये पडलेली मेल ३० दिवस तशीच जागा अडवून बसते, आणि ‘एवढं उडवलं तरी आकडा हलेना’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा तेच असतं.

ओघात आलं म्हणून सांगतो. जीमेलवर २५ एमबीपर्यंतची फाइल जोडता येते म्हणतात, पण प्रत्यक्षात १८-१९ एमबीच्या वर गाडी अडते. ईमेलमधून जाणारी प्रत्येक फाइल साध्या अक्षरांत रूपांतरित होऊन जाते आणि त्यात तिचं आकारमान सुमारे एक तृतीयांशाने वाढतं. महागडी योजना घेतली म्हणून ही मर्यादा सुटत नाही. त्यामुळे ‘मोठ्या फाइल पाठवता याव्यात’ एवढ्यासाठी कुणी पैसे भरायला सांगत असेल तर भरू नका. ड्राइव्हची लिंक पाठवली की काम होतं.

पैसे द्यायचेच असतील तर

साफसफाई करूनही जागा पुरत नसेल तर वर्षाचे दर असे आहेत. हे लिहिताना दिसणारे दर मी देतोय. ते बदलत राहतात, म्हणून घेताना एकदा पडताळून पाहा. गूगल वनची १०० जीबीची योजना महिन्याला १३० रुपये किंवा वर्षाला १,३०० रुपये. वार्षिक घेतली तर २६० रुपये वाचतात. बऱ्याच जणांना ठाऊक नसतं ते असं, की ही जागा घरातल्या आणखी पाच जणांबरोबर वाटून घेता येते आणि एकाची मेल किंवा फोटो दुसऱ्याला दिसत नाहीत. आई, बाबा, दोन मुलं यांनी चार वेगळ्या योजना घेऊन ५,२०० रुपये भरण्याचं काहीच कारण नाही. आधी घरात विचारा, कुणीतरी आधीच भरत असतं.

आयफोनवाल्यांना अ‍ॅपल फुकट ५ जीबी देतं, ते लवकर संपतात. आयक्लाउड प्लसची ५० जीबीची योजना महिन्याला ७५ रुपयांना आहे, म्हणजे वर्षाला ९००. तीही कुटुंबात वाटता येते. शिवाय तिच्यात आणखी एक मोलाची गोष्ट मिळते, तिच्याकडे पुढे येतो. मायक्रोसॉफ्टच्या आउटलूकमध्ये मेलसाठी १५ जीबी फुकट आहेत, पण २०२३ पासून जोडलेल्या फाइल वेगळ्या ५ जीबीच्या क्लाउडमध्ये मोजल्या जातात. ते ५ भरले की मेलपेटी अर्धी रिकामी असूनही मेल थांबते. आउटलूकवाल्यांनी दोन्ही आकडे बघायची सवय ठेवावी.

याहूबद्दल दोन शब्द, कारण त्यातून पुढचा मुद्दा कळतो. २०१३ मध्ये याहूने सगळ्यांना १ टीबी जागा फुकट दिली. लोकांनी वर्षानुवर्षं काही न पुसता सगळं साठवलं. २०२५ मध्ये हीच मर्यादा २० जीबीवर आणली गेली. २०२१ पासून फुकट याहू खात्यातली मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर वळवण्याची सोयही पैसे भरणाऱ्यांपुरती झाली. म्हणजे आत येणं फुकट, राहणंही बराच काळ फुकट, पण निघताना दारावर शुल्क. जीमेल आणि आउटलूकमध्ये मेल वळवणं आजही फुकट आहे. सेवा निवडताना जीबीच्या आकड्याआधी ही सोय आहे का ते बघा.

पत्ता कुणाचा?

आपला ईमेल पत्ता किती ठिकाणी नोंदवलेला आहे ते एकदा कागदावर लिहून काढा. बँका, डिमॅट, म्युच्युअल फंड, पीएफचं यूएएन, प्राप्तिकराचं पोर्टल, पासपोर्ट, आयुर्विमा, महावितरण, गॅस, मुलांची शाळा, रेल्वेचं तिकीट, हाउसिंग सोसायटी. यादी एका पानात मावत नाही. प्राप्तिकर खात्याच्या सूचना नोंदवलेल्या ईमेलवर येतात, आणि उत्तराची मुदत आपण मेल पाहिली की नाही याची वाट बघत नाही. पत्ता बदलायचा म्हणजे या प्रत्येक दारात जाऊन अर्ज, ओटीपी, कुठे शाखेत सही. ईमेलची खरी किंमत ही आहे, आणि ती कुठल्याच दरपत्रकात छापलेली नसते.

शिवाय कुठलीच कंपनी कायमची नाही. टाइम्स समूहाच्या इंडियाटाइम्सची ईमेल सेवा फेब्रुवारी २०१३ मध्ये बंद झाली आणि तो पत्ता सगळीकडे दिलेल्यांना धावाधाव करावी लागली. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने कनेक्शनबरोबर दिलेला पत्ता वापरणाऱ्यांचंही तेच होतं. कनेक्शन बदललं की पत्ता गेला. नोकरीतल्या कचेरीचा पत्ता बँकेत देणं तर सगळ्यांत धोक्याचं, कारण राजीनाम्याच्या दिवशीच तो बंद होतो.

म्हणून माझा आग्रह आहे, की ज्याला परवडतं त्याने स्वतःच्या नावाचं डोमेन घ्यावं. आडनावाचं, दुकानाचं, जे मिळेल ते, आणि शेवटी डॉट इन किंवा डॉट कॉम. डॉट इन वर्षाला साधारण सहाशे ते हजार रुपयांत मिळतं, डॉट कॉम त्याहून थोडं महाग. जाहिरातीत दिसणारा शंभर-दोनशेचा दर पहिल्या वर्षाचा असतो. विचारायचा तो नूतनीकरणाचा दर. डोमेन आपलं असलं की मेलची पेटी कुणाकडेही भाड्याने ठेवता येते. आज झोहो, पुढच्या वर्षी गूगल, नंतर आणखी कुणी. डोमेनच्या सेटिंग्जमधली एमएक्स नावाची नोंद बदलली की नवी मेल नव्या घरी येऊ लागते आणि बँकेला काही कळवावंही लागत नाही.

आयक्लाउड प्लसमधली मोलाची गोष्ट हीच. ५० जीबीच्या योजनेतही स्वतःचं डोमेन जोडता येतं. म्हणजे आयफोनवाल्याला ९०० अधिक डोमेनचे सुमारे ८०० असं वर्षाला सतराशेत स्वतःच्या मालकीचा पत्ता मिळतो. बाकीच्यांसाठी चेन्नईच्या झोहोचे दोन मार्ग आहेत. एक फुकट योजना, जिच्यात एका डोमेनवर पाच जणांना प्रत्येकी ५ जीबी मिळतात आणि जाहिरातीही नसतात. तिची अडचण अशी, की ती फक्त झोहोच्या वेबपानावर आणि अ‍ॅपमध्ये चालते. संगणकावरच्या आउटलूक किंवा थंडरबर्डमध्ये जोडता येत नाही, त्यामुळे सगळी मेल उतरवून घेण्याची सोपी वाट मिळत नाही. दुसरी मेल लाइट, माणशी महिन्याला ५९ रुपये, वर्षाचे एकदम भरायचे. तिच्यात ही अडचण नाही. एकट्या माणसाला ७०८ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ८३५. डोमेन धरून सोळाशे-सतराशे. पंचवीस वर्षं टिकेल अशा पत्त्याला हा खर्च मला मुळीच जास्त वाटत नाही.

मात्र डोमेन घेतलं की एक जबाबदारी अंगावर येते. नूतनीकरण चुकलं तर थोडे दिवस सवलत मिळते, नंतर दंड भरून सोडवावं लागतं, आणि तेही टळलं तर ते नाव कुणीही विकत घेऊ शकतो. ज्याने घेतलं त्याला आपल्या नावाने येणारी पुढची सगळी मेल मिळेल, पासवर्ड बदलण्याच्या लिंकसकट. म्हणून डोमेन एकदम पाच वर्षांचं भरून टाका. आणि डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे संपर्कासाठी त्याच डोमेनचा पत्ता देऊ नका, जीमेलचा द्या. नाहीतर डोमेन बंद पडल्यावर ते बंद पडल्याची सूचनाही बंद पडलेल्या पत्त्यावरच जाते.

ज्यांना या फंदात पडायचं नाही त्यांनी जीमेल किंवा आउटलूक निवांत वापरावं. घरातल्या पासष्टीच्या पुढच्या माणसांना मी डोमेन घ्यायला सांगणार नाही. त्यांना ज्या पत्त्याची सवय आहे तोच राहू द्यावा आणि त्याची सुरक्षा नीट करून द्यावी.

चार माणसांची कचेरी

छोट्या व्यवसायांची मला जास्त काळजी वाटते. पापड-लोणच्याचा गृहउद्योग असो की सीएची कचेरी, कोटेशन आणि बिलं अजून ‘अमुकट्रेडर्स१२३’ अशा फुकट पत्त्यावरून जातात. कामाला लागलेला मुलगा तो पासवर्ड घेऊन नोकरी सोडून जातो आणि ग्राहकांची सगळी यादी त्याच्याबरोबर जाते. स्वतःच्या डोमेनवर प्रत्येकाला वेगळं खातं दिलं, तर माणूस गेल्या दिवशी मालक ते बंद करू शकतो आणि जुनी मेल स्वतःकडे ठेवू शकतो.

खर्च असा बसतो. चार माणसं, झोहो मेल लाइट: ५९ गुणिले ४ गुणिले १२, म्हणजे २,८३२. जीएसटीचे ५१० मिळवून ३,३४२. जीएसटी नोंदणी असेल तर बिलावर आपला क्रमांक टाकून घ्या, हे ५१० जमा कर म्हणून परत धरता येतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस बेसिक माणशी महिन्याला दीडशेच्या आसपास पडतं, त्यात ५० जीबीची पेटी आणि ऑनलाइन वर्ड-एक्सेल येतं. गूगल वर्कस्पेसची सर्वांत खालची योजना माणशी ३० जीबी देते आणि लाइटच्या दुपटीहून महाग आहे. कचेरीत दिवसभर एकाच शीटवर चौघं काम करत असतील तर ते पैसे वसूल होतात. नुसती पत्रं आणि बिलं पाठवायची असतील तर लाइट पुरे.

वेबसाइटच्या होस्टिंगबरोबर ‘ईमेल फुकट’ असं सांगितलं जातं, तिथे मात्र हात आखडता घ्या. स्वस्त होस्टिंगमध्ये शेकडो ग्राहक एकाच सर्व्हरवरून मेल पाठवतात. त्यातल्या एकाने कचरा पाठवला की सगळ्यांची मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये पडायला लागते. आपलं कोटेशन स्पॅममध्ये पडून ऑर्डर हुकली तर वाचवलेले तीन हजार कुठल्या कुठे जातात. सेवा कोणतीही घ्या, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी डोमेनमध्ये भरून घ्या. मेल खरोखर आपल्याकडूनच आली आहे हे समोरच्या सर्व्हरला त्यावरून पटतं. काम अर्ध्या तासाचं आहे आणि झोहो, गूगल, मायक्रोसॉफ्ट तिघांच्याही मदतपानांवर ते पायरीपायरीने दिलेलं आहे.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: डोमेन कुणाच्या नावावर आहे? वेबसाइट करून देणारा बऱ्याचदा ते स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या नावावर घेतो. पुढे त्याच्याशी बिनसलं किंवा त्याने धंदाच बंद केला, की दुकानाचं नाव, वेबसाइट आणि ईमेल एका झटक्यात त्याच्या हाती राहतं. डोमेन आपल्या नावाने, आपल्या मोबाइलवर, आपल्या कार्डाने घ्या आणि त्याला फक्त तांत्रिक नोंदी करण्यापुरता प्रवेश द्या. आधीच घेऊन झालं असेल तर संबंध गोड आहेत तोवर नावावर करून घ्या.

गुप्ततेचे पैसे

स्वित्झर्लंडचं प्रोटॉन मेल आणि जर्मनीचं टुटा या दोन सेवा मेल अशी कुलूपबंद ठेवतात की कंपनीलाही ती वाचता येत नाही. दोन्हींमध्ये फुकट जागा १ जीबी आहे. प्रोटॉनची मेल प्लस योजना वर्षाला ४७.८८ डॉलर. डॉलर नव्वद रुपये धरला आणि कार्डाचं परकीय चलन शुल्क, जे बऱ्याच बँकांत साडेतीन टक्के असतं, ते मिळवलं तर साडेचार हजारांच्या घरात जातं. पत्रकार, वकील, कार्यकर्ते यांना ही रक्कम योग्य आहे. इतरांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पूर्ण कुलूप दोन्ही टोकांना तीच सेवा असेल तेव्हाच आपोआप लागतं. आपण प्रोटॉनवरून जीमेलवर साधं पत्र पाठवलं तर त्याची प्रत जीमेलमध्ये असतेच. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात रोखण्याची कारवाई सुरू करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला होता. ज्या पत्त्यावर बँकेचे ओटीपी येतात तो अशा टांगत्या तलवारीखाली ठेवणं मला शहाणपणाचं वाटत नाही. खासगी पत्रव्यवहारासाठी दुसरा पत्ता म्हणून जरूर ठेवा. जीमेलबद्दलही एक समज दुरुस्त करायला हवा. जाहिराती दाखवण्यासाठी मेल वाचणं गूगलने २०१७ मध्ये थांबवलं, जाहिराती मात्र दिसतात.

पैसे भरण्याबद्दल थोडं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना २४ तास आधी यायला हवी, आणि १५,००० पर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही. ती सूचना वाचा, नको असेल तर तिथूनच थांबवता येतं. परदेशी कंपन्यांची आपोआप वसुली आपल्या कार्डांवर अनेकदा अडकते, म्हणून नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा.

फुकट खात्याला फोनवर बोलणारा माणूस मिळत नाही. इंटरनेटवर शोधल्यावर ‘जीमेल कस्टमर केअर’ म्हणून जे मोबाइल क्रमांक दिसतात ते ठगांचे असतात. स्क्रीन शेअर करायला सांगून खातं रिकामं करतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. पैसे भरलेल्या सेवेची तक्रार कंपनी ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि खातं परत मिळवण्यासाठी दिलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना ते बघा. परदेशी गेलेल्या मुलांचे इथले सिम रिचार्जअभावी बंद होतात, काही महिन्यांनी तोच क्रमांक दुसऱ्याला मिळतो आणि आपला ओटीपी त्याच्याकडे जातो. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करताना मिळणारे राखीव कोड कागदावर छापून बँकेच्या पासबुकाबरोबर ठेवा. गूगलमध्ये इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे. ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही तर कुणाला कळवायचं नि काय द्यायचं ते त्यात नोंदवता येतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना विश्वासात घेऊन ते भरून घ्या.

पत्ता बदलायचं ठरलंच तर घाई करू नका. जुन्या खात्यातली मेल नव्याकडे वळवा. मग पहिल्यांदा बँक, डिमॅट, यूएएन आणि प्राप्तिकर, त्यानंतर विमा आणि म्युच्युअल फंड, बाकीचं सवडीने. जीमेलमधली सगळी जुनी मेल गूगल टेकआउटमधून एका फाइलमध्ये उतरवता येते, ती पेनड्राइव्हवर ठेवा. जुनं खातं किमान एक संपूर्ण आर्थिक वर्ष चालू ठेवा, कारण विम्याचं नूतनीकरण, फॉर्म १६, मालमत्ता कर अशी कितीतरी पत्रं वर्षातून एकदाच येतात. त्या काळात महिन्याला एकदा तरी त्यात लॉग-इन करा. वर्षभर न उघडलेल्या फुकट पेटीतली मेल याहू आणि आउटलूक काढून टाकू शकतात, गूगल दोन वर्षं थांबतं.